मधला तुकडा

ताईला सातव्या महिन्यात माहेरी आणलं, त्या दिवसापासून घरात माझं नाव 'सरक' पडलं. सरक, ताईला बसू दे. सरक, तिच्या अंगावर ऊन येऊन राहिलं. सरक तिकडं, दिसत नाही का, तिचे पाय सुजले. तिचं लग्न झालं तेव्हापासून मी घरात एकटी लेक होते, आणि एकटी लेक असण्यात काय सुख असतं ते मला चांगलं कळलं होतं. आंगणातल्या बाजेवर मी आडवी पसरायची. बोडीतल्या, म्हणजे आमच्या तळ्यातल्या, मासोळीचं डोकं माझ्या ताटात पडायचं. माय काम करता करता बोलायची ती माझ्याशी. ताई बैलगाडीतून पोट सांभाळत उतरली आणि बाज तिची झाली, मासोळीचं डोकं तिचं झालं, माय तर तिचीच झाली. मला शेपटी. तुला काटे काढता येतात म्हणून शेपटी, असं माय म्हणायची, आणि वर मी त्यावर खूश व्हावं अशी तिची अपेक्षा असायची.

मी तेव्हा सातवीत होते, ताई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी. तिचं नाव कुसुम. मला सारा टोला, म्हणजे आमची सारी वाडी, 'लहानी' म्हणायची. शाळेच्या हजेरीत माझं चांगलं नाव होतं, पण ते गुरुजींपुरतं. देवरीच्या मोठ्या रस्त्यावर एसटीतून उतरलं की आत जंगलाच्या अंगाला बरंच चालावं लागायचं, तेव्हा आमचा टोला यायचा. धान कापून खळ्यावर आलेलं होतं. दिवसभर बैलांना हाकारे, दुपारी धान कांडायच्या ढेकीचा धप धप आवाज, आणि दिवेलागणीला पलीकडच्या आळीतून दशरथकाकाचा गळा. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, तिथं दंडारीचं नाटक व्हायचं, त्याची गाणी तो आधी महिनाभर घोटायचा. घरात लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, तांदळाची भाकर, लसणाची चटणी. ताईला मात्र रोज काहीतरी वेगळं हवं व्हायचं. आज मुर्रा म्हणजे चुरमुरे पाहिजेत, उद्या कोचईच्या म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या, परवा भाजलेली चिंच. आणि ती म्हणेल ते घरात यायचं. मी जन्मात एकदा वड्या मागितल्या होत्या, तर माय म्हणाली होती, पानं कोण आणून देईल, तुझा बाप? आता पानं आणायला मी जायचे. बापही जायचा.

लोक म्हणतात लहानपणीचा हेवा निरागस असतो. कुणाचा असेल. माझा तरी नव्हता. मी रात्री अंथरुणात पडून ताईच्या एकेक वाईट गोष्टी आठवायचे आणि त्या कमी पडल्या की नव्या रचायचे. आता मी गोंदियाजवळ कुडव्याला मुलाकडे राहते. परवा शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणाला गेले होते, एका लॉनवर. फुग्यांची कमान, कानठळ्या बसवणारा स्पीकर, फोटोवाला सारखा हसा म्हणत होता. तिची धाकटी नणंद एका खुर्चीत फुगून बसलेली होती, कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. मी मुद्दाम जाऊन तिच्याशेजारी बसले. माझी ताटातली जिलेबी तिला दिली. तिनं घेतली नाही. मला ती पोरगी फार आवडली.

आमच्याकडं डोहाळजेवणापेक्षा मोठी गोष्ट होती कथरी. गोधडीला आम्ही कथरी म्हणायचो. पहिलटकरणीच्या लेकराची कथरी घरच्यांनी शिवायची नाही, ती साऱ्या टोल्यानं शिवायची, आणि तिच्यातलं कापडही साऱ्या टोल्याचं. पण कापड कुणी आपणहून आणून द्यायचं नसतं. पोटुशी बाईनं स्वतः दारात जाऊन, स्वतःच्या तोंडानं मागायचं. ज्याच्यासारखं लेकरू व्हावं असं तिला वाटतं, त्याच्या अंगावरचं, वापरून मऊ झालेलं कापड. ती मागेल त्यानं नाही म्हणायचं नाही. न मागितलेलं कापड कथरीत जात नाही. आणि तिचं स्वतःचंही जात नाही, का तर आई पोटात जे द्यायचं ते देऊन चुकलेली असते, कथरी ही बाकीच्यांची. हे सगळं मला भागरताकाकीनं सांगितलं. काकी आमच्या शेजारची, उंच, हाडकुळी बाई, तोंडात कायम तंबाखू. टोल्यातली प्रत्येक कथरी तिच्या नजरेखाली व्हायची आणि तिचा शब्द त्यात शेवटचा असायचा.

ताईला दारोदार फिरायचं म्हणजे सोबत टोपली धरायला कुणीतरी हवं. कोण धरणार? सरक नावाची मुलगी रिकामीच होती. दुपारी ऊन उतरलं की आम्ही निघायचो, ती पुढं, हात कमरेवर ठेवून डुलत, आणि मी मागं टोपली घेऊन. दशरथकाकाच्या दारात ती म्हणाली, "काकाजी, तुमच्या आंगावरचं एक कापड द्या. माह्या लेकराले तुमचा गळा येऊ द्या." एवढा मोठा माणूस, मंडईत शेकडो लोकांपुढं उभा राहणारा, तो डोळे पुसत आत गेला आणि आपला जुना शेला घेऊन आला. जंगलाच्या कडेला सोनाबाईचं घर होतं. ती गोंडी बोलायची, आमच्याशी मोडकंतोडकं बोलायची, मोहफुलं वेचायला एकटी कुठल्या कुठं जाऊन परत यायची. तिला ताई म्हणाली, "बाई, माहं लेकरू रानात कधी वाट नाई चुकलं पाह्यजे." सोनाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला आणि लुगड्याचा काठच फाडून दिला. रखमाकाकी तर टोल्यातली एक नंबरची भांडखोर. तिच्याकडं कशाला जाते ही, असं मला वाटलं. ताई म्हणाली, "काकी, तुमची जीभ द्या. माहं लेकरू कोनाचं ऐकून घेनारं नको." रखमाकाकीला आयुष्यात तिच्या जिभेबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं. तिनं आम्हाला गूळ-शेंगदाणे खाऊ घातले आणि अख्खी चोळी टोपलीत टाकली.

टोपली रोज जड होत होती, आणि मी वाट बघत होते. मला पक्की खात्री होती की ताई माझं कापड मागणार. कधी मागेल, काय म्हणून मागेल, हे मी मनात किती वेळा घोळवलं असेल. माझ्यात मागण्यासारखं कमी नव्हतं. टोल्यात माझ्याएवढं जोरात कुणी पळत नसे. बोरीच्या झाडावर शेंड्यापर्यंत मीच जायची. सापाला भीत नव्हते, गुरुजींना भीत नव्हते. ताई म्हणेल, माही लहानी कोनाले भीत नाई, तसं माहं लेकरू होऊ दे. असं ती दारात उभी राहून म्हणेल आणि सगळ्यांना ऐकू जाईल. मी माझा हिरव्या फुलांचा फ्रॉक धुऊन, घडी करून, उशाखाली तयार ठेवला होता. तोच मला सगळ्यात शोभायचा.

मग एक दिवस ती गुरुजींच्या दारात थांबली. गुरुजींची सुलभा माझ्या वर्गात होती. दोन वेण्या, रोज रिबिनी, अक्षर छापल्यासारखं. माझी वही बघून गुरुजी म्हणायचे, जा, सुलभाची बघून ये. तिचे फ्रॉक गोंदियाच्या बाजारातून यायचे. ताई म्हणाली, "सुलभा, तुहा एक फ्रॉक देजो वं बाई. माह्या लेकराले तुही बुद्धी येऊ दे." सुलभानं आकाशी रंगाचा फ्रॉक आणला, पांढऱ्या कॉलरचा, वापरून मऊ झालेला, तरी इस्त्री केलेला. ती टोपलीत ठेवायला वाकली आणि मी टोपली जराशी मागं घेतली. फ्रॉक धुळीत पडला. हात घामाजले होते, मी म्हणाले. ताईनं माझ्याकडं एकदा बघितलं, वाकता येत नव्हतं तरी वाकली, फ्रॉक उचलून झटकला. तो आकाशी फ्रॉक घरी येईपर्यंत सगळ्यात वर होता आणि मी पूर्ण वाटभर त्याच्याकडं बघत चालले होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या आंगणात बाया जमल्या. मायनं सडा-सारवण केलं होतं, त्यावर टोपली उपडी केली. भागरताकाकी एकेक कापड उजेडाकडं धरून बघत होती, विरलेलं एका बाजूला, टिकाऊ दुसऱ्या बाजूला. ताई बाजेवर बसून कोणतं कोणाचं ते सांगत होती. काकीनं विचारलं, "झालं का वं कुसुम? का अजून कोनाचं मागाचं हाय?" ताई म्हणाली, "झालं." ती एवढ्या सहज झालं म्हणाली, की मी बायांमधून वाट काढत बाजेपुढं जाऊन उभी राहिले.

"माहं काऊन नाई मागतलं?" मी विचारलं. ओरडले असणार, कारण सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. "साऱ्या टोल्याचं मागतलं. त्या रखमाकाकीचं मागतलं, त्या सुलभाचं मागतलं. मी कायले नको तुले?"

ताई गोंधळली. "तुहं कोनतं मागू, लहाने?"

मी आत पळाले आणि उशाखालचा फ्रॉक आणून तिच्या मांडीवर फेकला. तिनं तो उलगडला. पाठीवरची शिवण बघितली, हात फिरवला. "हा तं माहा हाय," ती म्हणाली. "आठवीत होती मी तवाचा."

तर मग निळा, मी म्हणाले. निळाही तिचा. शाळेचा पांढरा? तिचा. मी आतून पेटीच ओढत आणली. परकर, पोलकं, थंडीचा तपकिरी स्वेटर, एकेक काढत गेले आणि ताई एकेक ओळखत गेली. याचं बटण तिनं लावलेलं. त्याला शाईचा डाग तिचा. पेटी तळाशी आली आणि मला कळलं की माझ्या अंगावरून माझं असं काही कधी गेलंच नव्हतं. ताईचं कापड कथरीत चालत नाही, आणि माझं सगळं ताईचं होतं. पाय पसरून बसलेली रखमाकाकी म्हणाली, "अरे बापा. या पोट्टीचं सोताचं काईच नाई." ती वाईट हेतूनं बोलली नाही. पण दोघीतिघी हसल्या. मायचे कान लाल झाले. मी पेटीतले कपडे तसेच टाकून खळ्यावर जाऊन तणसाच्या, धानाच्या काडाच्या, ढिगावर बसले. संध्याकाळी बाप बोलवायला आला तरी उतरले नाही.

बाजाराच्या दिवशी माय मला घेऊन देवरीला गेली. एसटीत मला खिडकीजवळ बसवलं. कापडाच्या दुकानात मला म्हणाली, "पाय, कोनतं पाह्यजे." असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं मला ठरवता येईना. शेवटी जांभळ्या रंगाचं, पांढऱ्या ठिपक्यांचं चीट घेतलं. मग टेलरकडं. टेलरनं माझ्या छातीभोवती टेप धरली तेव्हा मला गुदगुल्या झाल्या आणि मी हसले, माझं माप त्याआधी कुणी घेतलंच नव्हतं. तो म्हणाला, "बढ़ती लडकी है, थोडा ढीला रखूं?" माय म्हणाली, "नाई, आंगाबरोबर शिवा. दोनतीन हप्ते घालाचा हाय फक्त." मग तिनं मला समजावून सांगितलं. कोरं कापड कथरीत चालत नाही, त्यातली खळ लेकराच्या अंगाला टोचते. म्हणून हा फ्रॉक मी रोज घालायचा, रोज धुवायचा, मऊ करायचा. ताई तो माझ्याकडं मागेल. मग तो कापायचा आणि कथरीत लावायचा.

घरी आल्यावर ताईनं रीतसर मागितलासुद्धा. बाजेवरून उठून, उंबऱ्यात उभी राहून, सगळ्यांदेखत. "लहाने, तुह्या आंगावरचं कापड दे. माहं लेकरू तुह्यासारखं बिनधाक होऊ दे." अगदी मला हवे होते तेच शब्द. भागरताकाकीनं जाहीर केलं की लहानीचा तुकडा मधात जाईल. कथरी चारी काठांकडून शिवत आत यायची असते, चारी बाजूंना बाया बसतात आणि टाके घालत घालत पुढं सरकतात. मधली जागा शेवटी येते, आणि लेकराची पाठ तिथंच टेकते. तोवर ती जागा माझ्यासाठी मोकळी ठेवायची ठरली. मी त्या दिवशी सुलभाच्या घरावरून विनाकारण तीनदा गेले.

टेलरनं शिवलेला फ्रॉक आला आणि मी तो घातला. काय सांगू. बाह्या खांद्यावर होत्या, कोपरावर नव्हत्या. कंबर कंबरेत होती. दुसऱ्याच्या अंगाचा कपडा घालून घालून माणूस स्वतःच्या अंगाचा आकार विसरतो, किंवा त्याला तो कधी कळतच नाही. मी शाळेत गेले तर मुली फिरून फिरून बघत होत्या. सुलभानं विचारलं, कुठून आणला? मी म्हणाले, शिवला. मापानं. रोज संध्याकाळी मी तो बोडीवर नेऊन धुवायची. पहिले काही दिवस कडक, मग जरा नरम, मग एक दिवस तो ओला असतानाच इतका मऊ लागला की मी धोपटणं खाली ठेवलं. मला त्याला मारावंसं वाटेना. नंतर मी नुसता बुडवून पिळायला लागले, तोही हळूच. माय बाजेशी बसून विचारायची, "झाला का मऊ?" मी म्हणायची, "अजून नाई." तिनं हात लावून बघू नये म्हणून मी दूर उभी राहायची.

आंगणात कथरी रोज आत आत येत होती. खाली ताईनं मागून घेतलेलं मायचं जुनं लुगडं, वर टोल्याचं कापड, चारी कोपऱ्यांवर दगड. दशरथकाकाचा शेला, सोनाबाईचा काठ, रखमाकाकीची लाल चोळी. बाया शिवता शिवता एकमेकींच्या सुनांना नावं ठेवायच्या, कुणाला सुई टोचली की दुसऱ्या बाजूनं हशा यायचा. मधली चौकोनी जागा रोज लहान दिसायची. मी तिच्याकडं बघायचं टाळायची. एक दिवस टाके तिच्यापर्यंत पोचले. भागरताकाकीनं कात्री मागितली आणि म्हणाली, "काढ वं लहाने. परकर घालून ये."

मी फ्रॉक घालूनच उभी होते. मी दोन्ही हातांनी त्याचा घेर धरला. "नाई देत," मी म्हणाले.

"काय म्हनते?"

"नाई देत. हा माहा हाय."

आंगणात कुणी सुई हलवेना. भागरताकाकी उठून उभी राहिली. "पोटुशीनं मागतलं तं नाई म्हनाचं नसते. तुहीच बहीन हाय नं ते? तिच्या पोटातल्या जिवाचं काय?" माय माझ्या अंगावर धावून आली. "तुह्याच साठी शिवला नं, लाज नाई वाटत? रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं तू." तिनं हात उगारला. मी डोळे मिटले पण घेर सोडला नाही. आणि बाजेवरून ताई म्हणाली, "राहू द्या. तिचा हाय, तिची मर्जी."

बाकी बाया ताईचं कौतुक करायला लागल्या. बघा किती समजूतदार, बघा किती मोठं मन. म्हणजे नाही म्हणायला मी छातीचा कोट केला आणि नाव झालं तिचं. मला तिचा त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. काकीनं टोपलीतलं उरलेलं कापड चाळलं. एकच मोठा तुकडा शिल्लक होता, सुलभाच्या आकाशी फ्रॉकचा घेर. तिनं तो बरोबर चौकोनी कापला आणि मधात लावला. छान बसला. सगळ्या म्हणाल्या, शोभते. मी फ्रॉक वाचवला आणि माझ्या डोळ्यांदेखत मधली जागा सुलभाला गेली. दोन्ही मलाच पाहिजे होतं, यात मला तेव्हाही काही चूक वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पुढचे दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मायनं ताट वाढायचं तेवढं वाढलं. भागरताकाकी येता-जाता माझ्याकडं बघून थुंकायची, तंबाखूच असेल, पण मला ते माझ्यासाठीच वाटायचं. माझ्या मनात एकच भीती बसली होती. ताईला काही झालं तर? सारा टोला म्हणेल, लहानीनं मागितलेलं दिलं नाही. एका सकाळी ताईच्या कळा सुरू झाल्या, सुईणीला आणायला बाप धावला. मला बाहेर बसवलं. दुपारपर्यंत आतून ताईचा आवाज येत होता. मी फ्रॉकची घडी मांडीवर घेऊन बसले होते. कात्री शेजारी आणून ठेवली होती. आवाज वाढला की कात्री हातात घ्यायची, कमी झाला की खाली ठेवायची. एकदा तर पातं कापडाला लावलं. तेवढ्यात आत लेकरू रडलं आणि सुईण म्हणाली, पोरगी हाय, चांगली धडधाकट. मी कात्री जागेवर ठेवून आले. फ्रॉक घातला. मग रडले.

पाचवीच्या दिवशी कथरी पहिल्यांदा पसरली. ताई न्हाऊन भिंतीला टेकून बसली होती, खोलीत ओव्याचा धूर होता. भागरताकाकीनं पोरीला उचलून कथरीवर ठेवलं, पाठ बरोबर आकाशी तुकड्यावर. ती लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेली पोरगी सगळ्या टोल्याच्या कापडावर पसरली होती आणि मी दाराशी उभी राहून बघत होते. पाच दिवसांच्या जिवाचा कुणाला हेवा वाटतो का? मला वाटत होता. दशरथकाकाचा गळा तिचा, सोनाबाईची वाट तिची, सुलभाची बुद्धी तिची. ती जगात आली तीच सगळ्यांचं घेऊन आली, आणि मागायलाही दुसऱ्यानं जायचं.

तेवढ्यात तिनं मुतलं. काकी लगबगीनं वाकली. "अरे अरे, नवी कथरी. एखादं फडकं टाक वं खाली. सांभाळून वापरली तं दुसऱ्या लेकरालेबी होईल."

"नाई," ताई म्हणाली. एवढ्या जोरात, की काकीचा हात तसाच थांबला. ताई मोठ्यानं बोलायचीच नाही कधी. "काई टाकू नका खाली. भिजवू द्या तिले. फाडू द्या. दुसऱ्याचं दुसरं पाहू."

काकी पुटपुटत बाहेर गेली. ताईनं मला जवळ बोलावलं. मी सरकत सरकत गेले, अजून रागातच होते. तिनं माझ्या फ्रॉकचा काठ दोन बोटांत धरला. गुडघ्याजवळ तो फाटला होता. आदल्या दिवशी मी तो घालून बोरीवर चढले होते.

"कोठी फाडला?" तिनं विचारलं.

"बोरीवर."

"शेंड्यावर गेल्ती?"

"हो."

ती काठ सोडेना. "मी कधीच नाई गेली," ती म्हणाली. "मले नवे फ्रॉक भेटत, पन माहा एकबी नव्हता. माय रोज म्हने, मातीत नको बसू, झाडावर नको चढू, सांभाळून घाल, पुढं लहानीले लागते. मी ओसरीवर बसून राहो. मंग ते तुह्याकडे जात. अन् तू ते घालून झाडावर, बोडीत, चिखलात. माहे फ्रॉक खेळाले जात होते, लहाने. मी नाई गेली." मग म्हणाली, "तू नाई देत म्हनली, तवा मले लई बरं वाटलं. अन् लई जळलीबी मी."

माय शेकाची शेगडी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असणार. ती आत आली नाही, बाहेरही गेली नाही.

माझ्यावर कुणी जळत असेल, आणि ते ताई, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी तिच्या बाजूला, सारवलेल्या जमिनीवर, फ्रॉकसकट फतकल मारून बसले. तीही भिंत सोडून माझ्याशेजारी खाली सरकली. पोरीनं पाय झाडले. कथरीवर ओल पसरत सुलभाच्या आकाशी तुकड्याच्या काठापर्यंत गेली, मग आत गेली, आणि आम्ही दोघी बहिणी फडकं न टाकता बघत राहिलो.